गुहेतला आंधळा कोळी : एका लोकप्रिय गोष्टीची उलटतपासणी

माणदेशातील म्हसवड येथे एका शाळेत आम्ही प्राण्यांच्या अनुकूलनाविषयी बोलत होतो. पडद्यावर एका कोळ्याचे चित्र होते. सवयीने आम्ही सांगून टाकले, "हा कोळी हवाई बेटांवरच्या गुहांत राहतो. तो फार दुर्मिळ आहे. गुहेत कायमचा अंधार असल्याने त्याला डोळ्यांची गरज उरली नाही, म्हणून हळूहळू त्याचे डोळे नाहीसे झाले." मुलांना गोष्ट आवडलेली दिसली. आम्ही पुढच्या चित्राकडे वळणार, तोच नववीतील एका मुलीने हात वर केला.

"सर, डोळ्यांची गरज नाही हे कोळ्याला कसं कळलं?"

वर्ग हसला. आम्ही "या गोष्टीला लाखो वर्षे लागतात" असे काहीतरी उत्तर दिले आणि पुढे गेलो. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. एखादी गोष्ट घडायला किती वेळ लागला हे सांगितल्याने ती कशी घडली हे कळत नाही. मुलीने 'कसे' विचारले होते आणि आम्ही 'किती' सांगितले होते.

ही गोष्ट एकट्या आमची नाही. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत, दूरदर्शनवरील निसर्गपटांत, वक्तृत्व स्पर्धांत आणि आमच्यासारख्यांच्या व्याख्यानांत ती याच तीन वाक्यांत सांगितली जाते : अंधारामुळे डोळे गेले, गुहा हे एक वेगळे, बंदिस्त जग आहे, आणि हा प्राणी दुर्मिळ आहे. तिन्ही वाक्ये खरी वाटतात. तिन्ही तपासून पाहिली पाहिजेत, असे आता आम्हाला वाटते.

प्राणी कोणता?

आधी त्या कोळ्याची ओळख करून घेऊ. त्याचे शास्त्रीय नाव ॲडेलोकोसा ॲनॉप्स. हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटाच्या दक्षिण भागात, कोलोआ आणि पोइपू या गावांच्या परिसरात तो आढळतो. फ्रँक होवर्थ यांनी १९७१ पासून हवाईतील लाव्हाच्या गुहा धुंडाळायला सुरुवात केली, तेव्हा तो उजेडात आला. विलिस गर्ट्श यांनी १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तो लांडगा कोळ्यांच्या कुलातील आहे. हे कोळी जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत बसत नाहीत, ते जमिनीवर हिंडून शिकार करतात. त्यासाठी त्यांना उत्तम दृष्टी असते. त्यांचे आठ डोळे तीन ओळींत असतात आणि त्यांतील दोन विशेष मोठे असतात. रात्री शेतात विजेरी कपाळाशी धरून पाहिले तर गवतात हिरवट ठिणग्यांसारखे जे चमकते, ते बहुधा याच कुलातील कोळ्यांचे डोळे असतात. माणदेशातल्या कोणत्याही रानात हा प्रयोग करता येईल.

अशा घराण्यात जन्मलेल्या या कोळ्याला एकही डोळा नाही. शरीराची लांबी जेमतेम दीड ते दोन सेंटिमीटर, रंग तांबूस तपकिरी. स्पर्श आणि गंध यांच्या साहाय्याने तो शिकार शोधतो. मादी एका वेळी पंधरा ते तीस अंडी घालते. जमिनीवरच्या तिच्या अनेक भाऊबंदांच्या अंडकोशात शंभराहून अधिक अंडी असतात. अंडी थोडी, पण त्यांतून निघणारी पिले आकाराने मोठी. अन्नाची चणचण असलेल्या ठिकाणी पुष्कळ दुबळी पिले सोडण्यापेक्षा थोडी सशक्त पिले जगण्याची शक्यता अधिक असते.

दुसरे उदाहरण आशियातले. जर्मनीतील सेंकेनबर्ग संशोधन संस्थेचे पीटर येगर यांनी २०१२ साली लाओसमधील एका गुहेतील सायनोपोडा स्कुरिऑन या कोळ्याचे वर्णन केले. आपल्या घरांत भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा, पळणारा कोळी ज्या कुलातला, त्याच कुलातला हा. त्या कुलात तेव्हा अकराशेहून अधिक जाती ज्ञात होत्या. त्यांत एकही डोळा नसलेली ही पहिली जाती. तिला नाव मिळाले ते गुहेत जाणाऱ्यांसाठी शिरोदीप बनवणाऱ्या एका स्विस कंपनीचे!

पहिले वाक्य : 'गरज नव्हती म्हणून डोळे गेले'

या वाक्यातील 'म्हणून' हा शब्द घोटाळ्याचा आहे. गरज नसणे ही परिस्थिती झाली. ते कारण होऊ शकत नाही. एका कोळ्याने आयुष्यभर डोळे वापरले नाहीत, तरी त्याच्या अंड्यांतील जनुकांना त्याची खबर मिळत नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलींचे कान टोचले जातात, तरी प्रत्येक मुलगी न टोचलेले कान घेऊनच जन्माला येते. हे उदाहरण शिक्षक वर्गात देतात आणि लामार्कची कल्पना का सोडावी लागली ते समजावून सांगतात. पण तोच तास संपण्यापूर्वी गुहेतल्या प्राण्याची गोष्ट निघते आणि लामार्क मागच्या दाराने परत आत येतो.

यात शिक्षकांना दोष द्यावा अशी परिस्थिती नाही. खुद्द डार्विन येथे अडखळला होता. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात गुहेतील आंधळ्या प्राण्यांची चर्चा आहे. अंधारात डोळे निरुपयोगी असले तरी ते अपायकारक कसे असतील हे त्याला उमगेना. म्हणून त्यांचा लोप त्याने केवळ न वापरण्याच्या खात्यावर टाकला. जनुकांविषयी काहीच माहीत नसलेल्या काळात ते समजण्यासारखे आहे. आज तेच वाक्य आपण उच्चारले, तर मात्र ते चालणार नाही.

मग घडते काय? येथे एक गोष्ट स्पष्ट करू. प्रयोगशाळेतील सर्वांत चांगला पुरावा कोळ्यांवरचा नाही, तो मेक्सिकोतील गुहांमधल्या आंधळ्या माशांवरचा आहे. या माशाचे डोळस भाऊबंद बाहेरच्या नद्यांत आहेत आणि दोघांचा संकर होतो, त्यामुळे तो अभ्यासाला सोयीचा. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट उत्परिवर्तनांची. जनुकांची नक्कल होताना चुका होतच असतात. उजेडात राहणाऱ्या प्राण्यात डोळा बिघडवणारी चूक झाली तर तो प्राणी लवकर मरतो आणि चूक त्याच्याबरोबर संपते. अंधारात अशी चूक झालेला प्राणी इतरांइतकाच जगतो आणि चूक पुढच्या पिढीत जाते. म्हणजे अंधार डोळे काढून घेत नाही. डोळ्यांवर असलेला नैसर्गिक निवडीचा पहारा उठतो. चावडीवरचा पहारेकरी गेला म्हणून भिंत लगेच पडत नाही, पण कोणी एकेक वीट नेली तर अडवणारे कोणी राहत नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग यांना सतत ऊर्जा लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार या माशात दृष्टीवर होणारा खर्च विश्रांतीच्या काळातील एकूण ऊर्जेच्या सुमारे पाच ते पंधरा टक्के असतो. लहान माशात जास्त, मोठ्यात कमी. जेथे घास क्वचित मिळतो तेथे ही बचत मोलाची. डार्विनला न सुटलेल्या कोड्याचे एक उत्तर येथे आहे : निरुपयोगी डोळा निरुपद्रवी नसतो, तो रोज आपला वाटा मागतो.

तिसरी गोष्ट देवाणघेवाणीची. या माशाच्या गर्भात डोळा आधी तयार व्हायला लागतो आणि मग त्याचे भिंग मरते. ज्या जनुकीय संदेशाचा विस्तार वाढल्याने भिंग मरते, त्याच संदेशामुळे जबडा आणि चवीच्या कलिका यांची वाढ अधिक होते. एकीकडे तोटा, दुसरीकडे नफा.

या सगळ्याहून बोलका प्रयोग रिचर्ड बोरोव्स्की यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या गुहांमधील आंधळ्या माशांचा संकर केला. आई आंधळी, बाप आंधळा. पण काही पिलांना दिसत होते! कारण एका गुहेत ज्या जनुकांत बिघाड झाला होता, त्यांपेक्षा वेगळ्या जनुकांत दुसऱ्या गुहेत बिघाड झाला होता. पिलाला एकाकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरे असे चालू स्थितीतले जनुक मिळाले. डोळे 'न वापरल्याने' झिजून गेले असते, तर एका पिढीत ते परत आले नसते. म्हसवडच्या मुलीला आम्ही हा प्रयोग सांगायला हवा होता.

असे आंधळे मासे आपल्याला परके नाहीत. पुण्याच्या नद्यांतील एका लहान माशाचे वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली केले. आज तो इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी या नावाने ओळखला जातो. त्याच जातीचे मानले जाणारे मासे छत्तीसगडमधील बस्तर भागातल्या कोटमसर गुहेत आहेत. त्यांचे डोळे ऱ्हास पावलेले आहेत आणि हा ऱ्हास सगळ्या माशांत सारखा नाही. महाराष्ट्रातील शिक्षकाने हवाईआधी हे उदाहरण द्यावे.

कोळ्यांच्या बाबतीत काय म्हणता येईल? लाओसमधील सायनोपोडा प्रजातीत आठ भिंगे असलेल्या जाती आहेत, तसेच सहा, चार, दोन भिंगे असलेली रूपे आहेत आणि शेवटी एकही नसलेली स्कुरिऑन. हा क्रम फळ्यावर काढला की फार सुबक दिसतो. पण येथेही सावध राहावे. या आज जिवंत असलेल्या वेगवेगळ्या शाखा आहेत, एकाच जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. सहा भिंगांचा कोळी 'अर्ध्या वाटेवर' नाही. तो आपल्या ठिकाणी पुरता आहे. या मालिकेवरून ऱ्हास टप्प्याटप्प्याने होऊ शकतो एवढे कळते. तो का झाला हे एवढ्याने कळत नाही.

दुसरे वाक्य : 'गुहा हे एक बंदिस्त जग आहे'

होवर्थ यांच्या कामाला सुरुवात होईपर्यंत अभ्यासकांचा समज असा होता की खरे गुहावासी प्राणी युरोप-अमेरिकेतील चुनखडीच्या गुहांतच असणार. हिमयुगांच्या चढउतारात बाहेरचे हवामान असह्य झाले, प्राणी गुहेत अडकले आणि तेथेच बदलले, अशी त्यामागची मांडणी होती. उष्ण प्रदेशांत, त्यातही तरुण ज्वालामुखींच्या बेटांवर, असे प्राणी सापडण्याचे कारणच नव्हते. म्हणून कोणी शोधत नव्हते आणि शोधत नव्हते म्हणून सापडत नव्हते. १९७२ साली होवर्थ यांनी हवाई बेटावरील लाव्हाच्या गुहांतील प्राण्यांविषयी लिहिले, तेव्हा ही मांडणी अपुरी ठरली. प्राणी अडकल्यामुळेच गुहेत राहतात असे नाही; तेथे खायला मिळते म्हणूनही ते आत शिरतात आणि टिकतात.

आणि खायला कोठून मिळते? वरून. लाव्हाच्या गुहांच्या छतातून झाडांची मुळे खाली लोंबतात. त्या मुळांचा रस शोषणारे आणि कुजकी मुळे खाणारे लहान प्राणी तेथे असतात. काउआईच्या गुहांत एक आंधळा, झिंग्याच्या दूरच्या नात्यातला प्राणी कुजका पाला आणि मुळे खातो. आपला कोळी त्याला खातो. हवा जवळजवळ पूर्ण दमट असावी लागते. गुहा कोरडी पडली की कोळी टिकत नाही. म्हणजे वरची झाडे तोडली, पाणी दुसरीकडे वळवले किंवा कीटकनाशक फवारले, तर परिणाम खालच्या अंधारात होतो. ज्याला आपण बंदिस्त जग म्हणतो त्याचे छप्पर गळके आहे आणि त्या गळक्या छपरावरच ते जगते. विहिरीचे पाणी कोठून येते हे ज्यांना पाठ आहे, त्या माणदेशातील विद्यार्थ्यांना हे समजावणे अवघड जाऊ नये.

तिसरे वाक्य : 'हा कोळी दुर्मिळ आहे'

'दुर्मिळ' हा शब्द आपण सोन्याला, जुन्या नाण्यांना आणि प्राण्यांना सारखाच लावतो. डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ साली वनस्पतींच्या संदर्भात या शब्दाची चिरफाड केली. त्यांनी तीन प्रश्न वेगळे केले : जाती किती मोठ्या प्रदेशात आहे? किती प्रकारच्या अधिवासांत राहू शकते? आणि जेथे आहे तेथे तिची संख्या किती? तिन्ही उत्तरे स्वतंत्र असू शकतात.

काउआईचा कोळी तिन्ही अर्थांनी दुर्मिळ आहे. त्याचा प्रदेश एका तालुक्याएवढाही नाही, अवघा दहा-अकरा चौरस किलोमीटर. अधिवास एकच, ओलसर लाव्हागुहा. आणि अशा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच गुहांत तो दिसला आहे. अमेरिकेने जानेवारी २००० मध्ये त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घेतले.

पण त्यात चौथा प्रश्न मिळवायला हवा : आपण किती शोधले? होवर्थ यांचे म्हणणे असे की आपण आत शिरू शकतो त्या गुहा म्हणजे खडकातील पोकळ्यांचा एक लहानसा भाग. बोटभर रुंदीच्या भेगा आणि फटी कितीतरी अधिक असतात आणि प्राण्यांना त्या पुरतात. टेक्सासमधील सॅन अँटोनिओजवळच्या एका गुहेत सिकुरिना व्हेनाय या आंधळ्या कोळ्याचा एकच नमुना १९८० साली मिळाला होता. पुढची तीन दशके तो पुन्हा दिसला नाही. २०१२ साली रस्त्याच्या कामाच्या जागी एका पोकळीत तो पुन्हा सापडला आणि सुमारे दीड कोटी डॉलरचे काम थांबले. तीस वर्षे तो 'दुर्मिळ' होता की फक्त दिसत नव्हता? कायद्याला आणि कंत्राटदाराला याचे उत्तर हवे असते. शास्त्रज्ञाला ते नेहमी देता येत नाही. जबाबदारीने बोलायचे तर 'दुर्मिळ' या शब्दासोबत कोठे, किती वेळा आणि कोणत्या पद्धतीने शोधले हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे काय?

म्हसवडच्या शिक्षकांनी जेवताना विचारले, "आमच्याकडे असा कोळी सापडेल का?" आपला खडकही काउआईसारखा बेसॉल्टच आहे. फरक वयाचा आणि घडणीचा. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातील पोकळ्या दीर्घ काळात मातीने आणि स्फटिकांनी भरून गेल्या. शेतात मुले ज्या गारगोट्या वेचतात त्यांतील पुष्कळशा अशाच पोकळ्यांतल्या. चुनखडी नसल्याने पाण्याने विरघळून झालेल्या मोठ्या गुहाही नाहीत. अजिंठा-कार्ल्याची लेणी माणसाने कोरलेली, फार तर बावीसशे वर्षांची आणि तोंडाशी उजेडाची. तेथील कोळी अंधाराचे पाहुणे आहेत, रहिवासी नव्हेत. भारतातील गुहाजीवांचा एक जुना आणि नेटका अभ्यास मेघालयातील सिजू या चुनखडीच्या गुहेत १९२२ साली केम्प आणि चोप्रा यांनी केला. १९२४ साली लुई फाज यांनी तेथील कोळ्यांविषयी लिहिले. शंभर वर्षांपूर्वीची ती पद्धत आजही अनुकरणीय आहे : तोंडापासून किती आत, किती उजेडात, काय सापडले याची नोंद.

म्हणून उत्तर असे : मोठ्या गुहेतला आंधळा कोळी माणदेशात मिळेल अशी आशा दाखवणे बरोबर नाही; पण खडकाच्या भेगांत काय आहे हे फारसे कोणी पाहिलेलेही नाही. केरळात कोट्टयम भागातील विहिरींतून आंधळा मासा मिळाला आणि १९५० साली मेनन यांनी त्याचे वर्णन केले. म्हणजे विहीर ही सुद्धा भूगर्भाची खिडकी असू शकते.

शाळेला करता येईल असे काम सोपे आहे. जुना वाडा, धान्याचे पेव किंवा देवळाचा अंधारा गाभारा यांपैकी एक जागा परवानगीने निवडावी. दारापासून आत दर एक मीटरवर उजेड, तापमान आणि कोळ्यांची संख्या नोंदवावी. तेच पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात करावे. कोळी मारू नयेत, वटवाघळांच्या जागी जाऊ नये आणि मुलांना विहिरीत उतरवू नये. एका वर्षाच्या शेवटी 'येथे हा कोळी दुर्मिळ आहे' असे म्हणण्याचा अधिकार त्या वर्गाला आमच्याहून अधिक असेल.

हे सारे एका कोळ्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. आपल्या राज्यात २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती हा पहिलाच पाठ होता. पाठ असणे महत्त्वाचे आहेच. पण तो शिकवताना 'गरज पडली म्हणून आले, गरज सरली म्हणून गेले' एवढेच मुलांच्या हाती लागले, तर पाठ असून नसल्यासारखा. गरजेवर चालणारा निसर्ग ही एक समजूत आहे. तिच्यात प्रश्नाला जागा नाही, कारण प्रत्येक गोष्टीचे उत्तर आधीच ठरलेले असते.

त्या मुलीला आम्ही नंतर पत्र लिहिले. त्यात असे सांगितले : कोळ्याला काहीच कळले नाही. काही कोळ्यांचे डोळे जन्मतःच थोडे बिघडलेले होते. उजेडात ते मेले असते. अंधारात ते जगले आणि कदाचित वाचलेल्या ऊर्जेमुळे इतरांपेक्षा जरा बरे जगले. त्यांची पिले वाढली. हेच पुष्कळ पिढ्या होत राहिले. तुझा प्रश्न बरोबर होता, आमचे वाक्य चुकले होते.